पीएचडी फिजिक्सची, काम सेन्सरचं आणि बॅटरीचं : पुढे काय?

प्रश्न : मॅडम, मी कागल तालुक्यातली. कोल्हापुरात फिजिक्समध्ये पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. सुरुवात झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्म (अतिशय पातळ थर) आणि गॅस सेन्सरपासून झाली. मग गाईड सरांच्या प्रोजेक्टमुळे सुपरकपॅसिटरकडे, म्हणजे बॅटरीसारखंच वीज साठवणाऱ्या उपकरणाकडे वळले. गेल्या वर्षापासून टेंगवर, म्हणजे घर्षणातून वीज करणाऱ्या ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटरवर काम सुरू आहे. त्यावर चालणारा, बाहेरून वीज न लागणारा सेन्सर करायचा आहे. पेपर निघताहेत. पण मैत्रिणी म्हणतात, तुझं ना धड फिजिक्स, ना धड केमिस्ट्री. एका मुलाखतीत विचारलं, "तुमचं स्पेशलायझेशन नेमकं काय?" आणि मी अडखळले. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. ते विचारतात, "शिकतीस तरी नक्की काय?" त्यांनाही नीट सांगता येत नाही. मामा म्हणतात एमपीएससीला बस. कोरियात पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची संधी दिसते आहे. मी एकच विषय धरावा का? आणि स्वतःला फिजिसिस्ट म्हणवून घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकेरीत लिहिते. आयुष्यभर याच गावात फिजिक्स शिकवलं, तुझ्या वयाच्या मुलींना अहो-जाहो करायची सवय नाही.

तीन विषयांवर काम केलंस म्हणून घाबरू नकोस. मात्र त्या तिन्हींतून जाणारा एक प्रश्न घट्ट धर. तो तुझ्या कामात पहिल्या दिवसापासून आहे, फक्त कुणी बोट ठेवून दाखवलेला दिसत नाही. गॅस सेन्सरमध्ये झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, फिल्ममधले इलेक्ट्रॉन ओढून धरतो आणि फिल्मचा रोध वाढतो. दुसरा एखादा वायू येऊन त्या ऑक्सिजनशी भिडला की इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि रोध उतरतो. सुपरकपॅसिटरमध्ये इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट (आयन असलेलं द्रावण) जिथे भेटतात त्या सीमेवर चार्ज साठतो. टेंगमध्ये दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकतात, सुटतात आणि जाताना एकाचा चार्ज दुसऱ्याकडे राहून जातो. दोन पदार्थांच्या सीमेवर चार्ज का हलतो, किती हलतो आणि हलल्यावर कुठे, किती वेळ टिकतो, हा तुझा प्रश्न. पुढच्या मुलाखतीत स्पेशलायझेशन विचारलं की एवढंच सांग, आणि मग तिन्ही कामं त्याची उदाहरणं म्हणून मांड. समोरच्यांना कळेल, आणि बोलता बोलता तुझं तुलाही जास्त स्पष्ट होत जाईल.

मैत्रिणींच्या शेऱ्याचं म्हणशील तर त्यांना व्होल्टाची हकिकत सांग. अलेस्सांद्रो व्होल्टा हा इटलीतला भौतिकशास्त्रज्ञ. १७७५ मध्ये त्याने इलेक्ट्रोफोरस नावाचं साधन लोकांपुढे आणलं. मूळ कल्पना स्वीडनच्या विल्के यांची, १७६२ मधली. व्होल्टाने ती सुधारली आणि तिला नाव दिलं. राळेची वडी घासून भारित करायची, तिच्यावर इन्सुलेटरची मूठ लावलेली धातूची तबकडी ठेवायची, तबकडीला क्षणभर बोट लावायचं आणि ती उचलायची. ठिणगी पडेल इतका चार्ज तबकडीवर येतो. राळ पुन्हा न घासता हे किती तरी वेळा करता येतं, कारण तबकडीवर येणारा चार्ज प्रवर्तनाने, म्हणजे राळेवरच्या चार्जच्या नुसत्या ओढीने येतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा उचलणाऱ्या हातातून येते. आता तुझं टेंग डोळ्यांसमोर आण. टेफ्लॉनची फिल्म, वर अ‍ॅल्युमिनियम, टेकव आणि उचल. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने पातळ, लवचिक पॉलिमर आणि दोन इलेक्ट्रोड घेऊन हीच दोन तत्त्वं अशी बसवली की हालचाल चालू असेपर्यंत बाहेरच्या सर्किटमधून वीज मागेपुढे वाहत राहावी. स्पर्शातून चार्ज आणि प्रवर्तनातून करंट, ही जोडी व्होल्टाच्या तबकडीतही होतीच.

तोच व्होल्टा पुढे बॅटरीचा जनक ठरला, आणि कसा ठरला ते बघण्यासारखं आहे. बोलोन्याचे शरीररचनेचे प्राध्यापक गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये मांडलं की धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय उडतो, कारण प्राण्याच्या शरीरातच वीज आहे. व्होल्टाला ते पटलं नाही. त्याच्या मते वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येत होती, बेडूक ती फक्त दाखवत होता. ते सिद्ध करायला त्याने बेडूक काढून टाकला आणि चांदी-जस्ताच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घालून चळत रचली. १८०० मध्ये ही चळत जगापुढे आली. नंतरच्या लोकांनी दाखवलं की त्या चळतीला ऊर्जा पुरवते ती धातू आणि द्रावण यांच्यातली रासायनिक क्रिया, म्हणजे व्होल्टाचं स्पष्टीकरणही अर्धंच होतं. शरीरशास्त्राने प्रश्न उभा केला, भौतिकशास्त्राने यंत्र बांधलं, रसायनशास्त्राने कारण सांगितलं. घर्षणवीज आणि बॅटरी, तुझ्या थीसिसमधली ही दोन प्रकरणं, सव्वादोनशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या टेबलावर होती.

आणखी एक नाव सांगते, कारण तुझ्या शंकेचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. जॉन गुडइनफ. येलमधून गणिताची पदवी, दुसऱ्या महायुद्धात लष्करात हवामानाचं काम, १९५२ मध्ये शिकागोतून फिजिक्सची पीएचडी. मग एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत संगणकाच्या मेमरीसाठी लागणाऱ्या चुंबकीय ऑक्साइडवर वर्षानुवर्षं संशोधन. पन्नाशी उलटल्यावर, १९७६ मध्ये, ते ऑक्सफर्डला गेले ते अकार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून. फिजिक्सचा माणूस केमिस्ट्रीच्या गादीवर! तेव्हा लिथियम बॅटरीत व्हिटिंगहॅम यांनी वापरलेला टायटॅनियम सल्फाइड होता आणि त्यातून दोन व्होल्टच्या थोडं वर मिळत होतं. गुडइनफ यांनी आयुष्यभर ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या अभ्यासल्या होत्या. ऑक्सिजनचा २पी पट्टा सल्फरच्या ३पी पट्ट्यापेक्षा खाली बसतो, त्यामुळे सल्फाइडऐवजी ऑक्साइड घेतला तर सेलचं व्होल्टेज वर जाईल, हे त्यांनी बँड थिअरीतून, म्हणजे घन पदार्थातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांच्या सिद्धांतातून ओळखलं. १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडने सुमारे ४ व्होल्ट दिले. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये दुसऱ्या बाजूला कार्बन बसवला, १९९१ मध्ये सोनीने ती बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ मध्ये व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासह गुडइनफ यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

या हकिकतीत मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की ते केमिस्ट्रीत रिकाम्या हाताने गेले नाहीत. बँड थिअरी सोबत घेऊन गेले, आणि केमिस्टांना जे दिसत नव्हतं ते त्यांना तिच्यामुळे दिसलं. तुझ्याकडे सोबत न्यायला काय आहे, ते आता ठरवायला हवं. माझं मत स्पष्ट आहे. तू ऊर्जेचा आणि चार्जचा जमाखर्च मांडणारी हो. या क्षेत्रात त्याचीच सगळ्यात जास्त गरज आहे.

त्याआधी 'स्वयंऊर्जित सेन्सर' हा शब्द थोडा सोडवून घेऊ, कारण त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. आपल्या राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे तू पाहिले असशील. पाणी ठरावीक पातळीला गेलं की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो, पातळी उतरली की बसतो. मोटर नाही, वायर नाही. जी गोष्ट मोजायची तीच काम करते. काही सेन्सर अगदी असे असतात: पिझोइलेक्ट्रिक स्फटिक दाबला की तोच व्होल्टेज देतो, टेंगवर बोट पडलं की तेच सिग्नल देतं. सिग्नल तयार करायला बॅटरी लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे एक वेगळा जनरेटर वीज करतो, ती साठवली जाते आणि त्या साठ्यावर नेहमीचा सेन्सर आणि रेडिओ चालतो. पहिल्या प्रकारात तू सिग्नल मोजतेस, दुसऱ्यात ऊर्जा. पेपरमध्ये या दोन्हींना एकच नाव मिळतं आणि घोटाळा होतो. सिग्नल स्वतःहून आला, पण तो वाचणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि पाठवणारा रेडिओ भिंतीतल्या प्लगवर चालत असेल, तर अख्खी यंत्रणा स्वयंऊर्जित झालेली नसते. थीसिसच्या पहिल्याच प्रकरणात आपण कोणत्या अर्थाने शब्द वापरतो आहोत ते लिहून टाक.

आता जमाखर्च. टेंगच्या पेपरमध्ये शेकडो व्होल्ट दिसतात, शंभर एलईडी पेटलेला फोटो असतो. व्होल्ट खरे असतात. करंट मात्र मायक्रोअँपिअरचा, आणि तोही झटक्याझटक्याने येणारा, दिशा बदलणारा. समज, करंट एकाच दिशेला वळवणाऱ्या रेक्टिफायरमधून सरासरी ५ मायक्रोअँपिअर मिळाला, आणि यंत्र रात्रंदिवस टेंग दाबत राहिलं. १० मिलिअँपिअर-तासाची अगदी छोटी लिथियम सेल भरायला २००० तास लागतील, म्हणजे ८३ दिवस, तेही गळती शून्य धरून. हा हिशेब कुठल्याही बी.एस्सी.च्या मुलाला करता येईल, पण तो पेपरमध्ये फार क्वचित दिसतो.

पुढे जा. एक छोटा रेडिओ एक संदेश पाठवताना ३ व्होल्टवर ५ मिलिअँपिअर घेतो आणि ३ मिलिसेकंद चालतो असं धर. झाले ४५ मायक्रोज्यूल. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत भरला तर त्यात ऊर्जाही बरोबर ४५ मायक्रोज्यूलच. मग जमलं का? जमलं नाही, कारण कपॅसिटर रिकामा होत जातो तसं व्होल्टेज उतरतं, आणि चिप १.८ व्होल्टच्या खाली बंद पडते असं धरलं तर तळातली ऊर्जा वापरताच येत नाही. ३ पासून १.८ पर्यंतच उतरायचं तर कपॅसिटर किमान १६ मायक्रोफॅरडचा हवा. त्यात झोपलेल्या चिपचा खर्च मिळव. त्यात रेक्टिफायरच्या डायोडवर पडणारं व्होल्टेज मिळव.

आणि आता तुझा सुपरकपॅसिटर जोड. इथे खरी मेख आहे. प्रत्येक सुपरकपॅसिटर आतल्या आत थोडा गळतो. ही गळती मायक्रोअँपिअरची असते, म्हणून सुपरकपॅसिटरवाल्यांना तिची फारशी फिकीर नसते. ते मिलिअँपिअरने चार्ज करतात. पण टेंगचा सरासरी करंटही मायक्रोअँपिअरचाच. आत येणारं आणि गळणारं सारखं झालं की व्होल्टेज एका जागी थांबतं आणि सेल कधीच भरत नाही. टेंगवाल्याच्या पेपरमध्ये व्होल्ट असतात, सुपरकपॅसिटरवाल्याच्या पेपरमध्ये फॅरड प्रति ग्रॅम (ग्रॅममागे चार्ज साठवायची क्षमता) असतात, आणि दोन उत्तम आकडे एकत्र जोडले की काहीच चालत नाही. हे दिसायला दोन्ही उपकरणं स्वतःच्या हाताने केलेली व्यक्ती लागते. ती तू आहेस. कमी गळतीचा सुपरकपॅसिटर, तुझ्या टेंगच्या करंटवर भरून दाखवलेला, हा एक स्वतंत्र आणि भक्कम पेपर आहे. फॅरड प्रति ग्रॅम थोडे कमी आले तरी चालतील. माझ्या मते हे तुझ्या थीसिसचं सगळ्यात चांगलं प्रकरण होऊ शकतं.

टेंग मोजताना प्रोबकडेही लक्ष दे. ऑसिलोस्कोपच्या साध्या प्रोबचा रोध १० मेगाओहम असतो, टेंगचा अंतर्गत रोध तितकाच किंवा जास्त. मोजायला जोडलेला प्रोबच व्होल्टेज खाली ओढतो. एका लॅबचे ८० व्होल्ट आणि दुसरीचे २०० व्होल्ट यांत पदार्थाचा फरक किती आणि प्रोबचा किती, हे पेपर वाचून कळत नाही. इलेक्ट्रोमीटर (अगदी थोडा चार्जही मोजणारं यंत्र) मिळाला तर तो वापर आणि व्होल्टपेक्षा चार्ज मोज, दर फेरीला किती नॅनोकूलोम सरकले ते. चार्ज ही प्रामाणिक राशी आहे. शिवाय वेगवेगळे रोध जोडून सरासरी पॉवर काढ. क्षणिक शिखराची पॉवर सांगून कुणाचाही सेन्सर चालत नाही.

सुपरकपॅसिटरच्या बाजूनेही तसंच. निकेल हायड्रॉक्साइड, कोबाल्ट ऑक्साइड यांचा डिस्चार्जचा आलेख सरळ उतरत्या रेषेसारखा नसतो, मध्ये पायरी असते. पायरी आली की तो पदार्थ बॅटरीसारखा वागतो आहे. त्याला फॅरडमध्ये मोजणं चूक आहे, मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅममध्ये लिही. चौरस सेंटिमीटरवर एखादा मिलिग्रॅम पदार्थ बसवून मिळवलेला आकडा बाजारातल्या जाड इलेक्ट्रोडला लावू नकोस. रिव्ह्यूअर सोडून देईल, पण पुढे तुझ्या आकड्यावर कुणी तरी काही बांधणार असेल, त्याचं काय?

आपल्या गावाचा एक फायदा तुझ्या लक्षात आला नसेल. कोल्हापूरचा पावसाळा. जुलैत इथली आर्द्रता नव्वदीच्या पुढे जाते. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि टेंगचा चार्ज त्यावरून निसटतो. फेब्रुवारीत दणदणीत चालणारं उपकरण पावसाळ्यात मान टाकतं. रीडिंगसाठी कोरड्या दिवसांची वाट बघण्याचा मोह होईल. तसं करू नकोस. प्रत्येक रीडिंगसोबत तापमान आणि आर्द्रता लिही आणि वर्षभराचा आलेख काढ. कोरड्या हवेच्या लॅबमध्ये बसलेल्यांना हा डेटा सहज मिळत नाही. मग उपकरण हवाबंद कसं करायचं, सिलिकॉन रबरात की आणखी कशात, हा पुढचा प्रश्न आपोआप समोर येईल. स्पर्शातून नेमकं काय सरकतं, इलेक्ट्रॉन, आयन की पदार्थाचे कणच, यावर अजून वाद चालू आहे. पाण्याच्या थराने काय बदलतं हे नीट मोजलंस तर त्या वादातही तुझं म्हणणं ऐकलं जाईल.

थिन फिल्मचाही अभिमान बाळग. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात गेली काही दशकं केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस अशा साध्या पद्धतींनी फिल्म करायची परंपरा आहे. बीकर, द्रावण, गरम प्लेट. महागडं व्हॅक्यूम यंत्र नसताना पृष्ठभाग हवा तसा घडवणं तुला येतं, आणि टेंग असो की बॅटरी, पृष्ठभाग घडवता येणं हेच निम्मं काम असतं.

वडिलांना काय सांगायचं, हा प्रश्न तू जाता जाता विचारलास, पण मला तो मोलाचा वाटला. त्यांना घेऊन लेथपाशी उभी राहा. बेअरिंग खराब व्हायला लागलं की आधी आवाज बदलतो, हात ठेवला की थरथर वेगळी लागते, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ती थरथर ओळखणारी आणि तिच्यातूनच वीज घेणारी चकती मी करते आहे, असं सांग. मग त्यांना विचारत जा: थरथर कुठे जास्त, तेल कुठे उडतं, धातूचा कीस कुठे पडतो, हात कुठे पोचत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांनाही विचार. तिथे थरथरीपेक्षा उष्णता जास्त. तापमानातल्या फरकावर चालणारं थर्मोइलेक्ट्रिक तिथे टेंगपेक्षा बरं पडेल, आणि पत्र्याच्या शेडमध्ये लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नाही, हेही ध्यानात ठेवावं लागेल.

आणि कुठे टेंग नको, तेही मोकळेपणाने लिही. साध्या ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात. सेन्सरचा सरासरी खर्च १० मायक्रोअँपिअर असेल तर ती अडीच वर्षं चालते. जिथे अडीच वर्षांनी कुणी जाऊन सेल बदलू शकतं तिथे तुझ्या उपकरणाची गरज नाही. पंचगंगेच्या पातळीचा सेन्सर म्हणशील तर सरळ सोलर पॅनेल लाव. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी येते ती नेमकी ढगाळ दिवसांत, पॅनेलचं उत्पन्न फार घसरलेलं असताना. म्हणून तिथे कळीचा मुद्दा असतो बॅटरी किती अंधारे दिवस काढेल हा. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसांना असा हिशेब करून देणारा फिजिसिस्ट हवा आहे. त्यात नॅनो काही नसलं तरी काम मोलाचंच आहे.

दुसऱ्यांचा विषय किती शिकायचा? इलेक्ट्रोकेमिस्ट्री इतकी शिक की आलेख पाहून चूक पकडता येईल. सर्किट इतकं शिक की रेक्टिफायर आणि कमी गळतीचा स्विच स्वतः सोल्डर करता येईल. त्यापुढे त्या त्या माणसाकडे जा आणि त्याला सहलेखक कर. आपल्या विषयाला मात्र सूट देऊ नकोस. महाविद्यालयातल्या जागेसाठी मुलाखतीला बसशील तेव्हा तुझा टेंग बाजूला राहील आणि क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, डायइलेक्ट्रिकमधलं ध्रुवीकरण विचारतील. नोकरी लागल्यावर शिकवायचंही तेच आहे. नेट-सेट राहिलं असेल तर आधी ते उरक. आणि हो, स्वतःला फिजिसिस्ट म्हण. बायोडेटाच्या पहिल्या ओळीत म्हण.

मामांवर चिडू नकोस. फेलोशिप संपल्यावर दोन-तीन वर्षं हातात काही नसणं काय असतं हे त्यांनी कुणाच्या तरी घरी पाहिलं असणार. पण चौथ्या वर्षात पीएचडी सोडून एमपीएससीकडे वळणं मला पटत नाही, आणि दोन्ही एकदम करणं तर मुळीच नाही. दोन्हींना पूर्ण दिवस लागतो. त्यांना थीसिस जमा करायची तारीख सांग, त्यानंतर किती महिने पोस्टडॉक आणि नोकरी शोधणार ते सांग. घरच्यांना तारीख कळली की बराच ताण उतरतो. संशोधन करायचं असेल तर पुण्याची सी-मेट, कराईकुडीची सेक्री या सरकारी प्रयोगशाळांत बॅटरीवर काम चालतं, तिथल्या जाहिराती बघत राहा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची देशातली पोस्टडॉक फेलोशिपही आहे. कोल्हापूर सोडलं की थेट परदेशच, असं काही नाही.

कोरियाचं म्हणशील तर जा, इथली किती तरी मुलं गेली आणि चांगली तयार झाली. पण ज्या लॅबमध्ये पुन्हा फिल्मच करायच्या आणि पेपर मोजायचे, तिथे नको. तुला येत नाही ते जिथे चालतं तिथे जा: अख्खी सेल बांधणं, पॉवर मॅनेजमेंटचं सर्किट, उपकरण लॅबबाहेर महिनोन्‌महिने चालवून बघणं. युरोपही डोक्यात ठेव. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. कोरियात दोन वर्षं काढून मग तिकडे अर्ज करायला या अटी आड येत नाहीत. कोरियातल्या प्राध्यापकांना उत्तर पाठवण्याआधी त्यांच्या गटातल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोल. तीन गोष्टी विचार: इलेक्ट्रोमीटर आणि पोटेन्शिओस्टॅट (सेलची चाचणी घेणारं यंत्र) वापरायला पाळी किती दिवसांनी येते, सेल बांधायला ग्लोव्हबॉक्स (हवा-ओल न शिरणारी पेटी) आहे का, आणि आधीचे पोस्टडॉक तिथून कुठे गेले.